आजारपणाची रजा: कंपनीला किती सांगायचे?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही उत्तर कळेल. तुम्ही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीवर ११ वर्षे आहात. दोन महिने रजेवर आहात, अजून दोन महिने तरी लागतील, आणि बरे झाल्यावरही थोडे अपंगत्व मागे राहील असे डॉक्टर म्हणतात. त्यांचे मेडिकल सर्टिफिकेट तुम्ही दिलेले आहे. आता एचआरचा मेल आला आहे की सगळे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या आणि डॉक्टरांचा फोन नंबर पाठवा, नाहीतर रजा बिनपगारी धरू. त्यातच सुपरवायझरने लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मॅडमना नेमकं झालंय काय?’ असे विचारले. हे सगळे द्यावेच लागते का, असा तुमचा प्रश्न आहे.

आजाराचे नाव तुम्ही मला लिहिलेले नाही आणि मी ते विचारणारही नाही. खालचे सगळे उत्तर मी ते नाव माहीत नसतानाच देते आहे. तुमच्या रजेचा निर्णय कंपनीलाही तसाच घेता येतो.

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत मी २६ वर्षे कामगार कल्याण अधिकारी होते. रजेचे हजारो अर्ज माझ्या टेबलावरून गेले. त्या अर्जांतून टाइम ऑफिसला खरोखर लागायच्या त्या तीन गोष्टी: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत माणूस येणार नाही, परत आल्यावर कोणते काम त्याला जमणार नाही, आणि हे एका नोंदणीकृत डॉक्टरने सही-शिक्क्यानिशी लिहून दिले आहे का. मस्टरवर खूण करायला, बदली माणूस लावायला आणि पगारपत्रक काढायला एवढे पुरते. आजाराच्या नावासाठी पगारपत्रकात रकाना नसतो.

या बाबतीत मी इतकी हट्टी का, ते सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कामगाराने रजेच्या अर्जाला डिस्चार्ज कार्ड जोडले. कुणी मागितले नव्हते, पण जास्त कागद दिले की रजा लवकर मंजूर होते असे त्याला वाटले. कार्डावर क्षयरोग लिहिलेला होता. मी ते कार्ड तसेच अर्जाला टाचले आणि टाइम ऑफिसला पाठवले. संध्याकाळच्या चहापर्यंत कॅन्टीनला कळलेले होते. तो परत आला तेव्हा औषधे नियमित चालू होती, डॉक्टरांनी कामाची परवानगी दिली होती, त्याच्यापासून कुणाला लागण होण्याची भीती उरली नव्हती. तरी त्याच्या डब्यातली भाजी कुणी घेईना. कूलरवर तो पाणी प्यायला गेला की मागचे लोक थांबून राहायचे. काही महिन्यांत त्याने राजीनामा दिला. टाचणी मी मारली होती. त्यानंतर माझ्या कार्यालयात आजाराचा एकही कागद उघडा फिरला नाही. बंद पाकीट, कुलूपबंद कपाट, आणि त्याची किल्ली माझ्याकडे. क्षयरोगाची नोंद सरकारकडे करणे डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे, पण ती नोंद सरकारी आरोग्य यंत्रणेकडे जाते. मालकाकडे ती जाण्याचे कारण नाही.

आता कायद्याचे बोलू. ‘कंपनीला विचारताच येत नाही’ असे तुम्हाला कुणी छातीठोकपणे सांगितले असेल तर त्यावर विसंबू नका. मालकाने आजाराचे नाव विचारू नये असे एका ओळीत सांगणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. खासगी कारखान्यात ‘अपंगत्व रजा’ असा सरसकट वेगळा हक्कही नाही. साठलेली हक्काची रजा, कंपनी देत असेल ती आजारपणाची रजा, आणि ती संपली की बिनपगारी, असा हा क्रम असतो. तो तुमच्या नेमणूकपत्रात, स्थायी आदेशांत (म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांत) आणि युनियनचा करार असेल तर त्यात लिहिलेला असतो. ते तीन कागद आधी काढून वाचा. ‘मेडिकल सर्टिफिकेट सादर करावे’ एवढेच तिथे असेल, तर तुम्ही सर्टिफिकेट दिले आहे. रिपोर्ट ही निराळी चीज आहे.

बिनपगारीच्या धमकीचा हिशोबही इथेच होतो. रजा पगारी की बिनपगारी हे शिल्लक रजेवर ठरते. शिल्लक संपली असेल तर सगळी फाइल नेऊन दिली तरी पुढचे दिवस बिनपगारीच धरले जातील. शिल्लक असेल तर वैध सर्टिफिकेट असताना ती नाकारायला नियम दाखवावा लागेल. म्हणून पहिले काम म्हणजे रजेचा शिल्लक हिशोब मेलवर मागवा. पुष्कळदा तिथेच प्रकरण शांत होते.

मागणीला उत्तर देताना हाताशी ठेवावे असे बरेच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो निकाल मुख्यतः शासनाला बांधतो, हे खरे. खासगी कंपनीशी थेट संबंध येतो तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांचा. शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना ते नियम ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ म्हणतात. अशी माहिती घ्यायची तर कायदेशीर हेतू हवा, त्या हेतूसाठी तिची गरज हवी आणि देणाऱ्याची लेखी संमती हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. मात्र नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती संमतीशिवाय वापरण्याची मुभा तो मालकाला देतो. म्हणून नुसत्या ‘माझी संमती नाही’ या वाक्यावर लढाई उभी करू नका. ‘ही माहिती कशासाठी लागते?’ हा प्रश्न जास्त भक्कम आहे.

माझ्या मते तुमच्या मेलला उत्तर साधारण असे जावे. शब्द तुमचे घाला, सूर एवढाच शांत ठेवा:

‘मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग यांस. आपल्या दि. … च्या मेलच्या संदर्भात कळवते की, वैद्यकीय उपचारांमुळे दि. … ते दि. … या काळात मी कामावर हजर राहू शकत नाही, असे माझ्या डॉक्टरांचे सर्टिफिकेट मी दि. … रोजी दिले आहे. रजेच्या निर्णयासाठी आणखी माहिती हवी असल्यास ती कोणत्या नियमानुसार व कोणत्या कारणासाठी हवी आहे, ती कोण पाहणार आणि कुठे ठेवली जाणार, हे कृपया लेखी कळवावे. सर्टिफिकेटबद्दल शंका असल्यास कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी करून घेण्यास मी तयार आहे. माझे रिपोर्ट मी त्यांना प्रत्यक्ष दाखवीन. त्यांनी कंपनीस फक्त माझ्या कामाच्या क्षमतेबद्दलचा अभिप्राय द्यावा, ही विनंती.’

कंपनीच्या डॉक्टरांकडून तपासणीची तयारी मी मुद्दाम घातली आहे. ताई, तपासणी नाकारू नका. खोट्या सर्टिफिकेटवर लग्नसराई आणि द्राक्षाचा हंगाम उरकणारे लोक मीही पाहिले आहेत, त्यामुळे कंपनीला शंका येणे स्वाभाविक आहे. पण ती शंका डॉक्टरने डॉक्टरजवळ फेडायची असते. कंपनीचा डॉक्टर रिपोर्ट बघतो, तपासतो, आणि एचआरला लिहून देतो: अमुक तारखेपर्यंत कामास असमर्थ. हा मार्ग सुचवल्यावर सगळी फाइल मागणाऱ्याकडे फारसे कारण उरत नाही. तपासणीला जाताना रिपोर्टची फाइल स्वतः न्या, दाखवा आणि परत आणा. झेरॉक्स मागे ठेवू नका. अभिप्रायाची एक प्रत मागून घ्या.

आता तुमच्या सर्टिफिकेटकडे वळू. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत रजेच्या दाखल्याचा नमुना दिलेला आहे आणि त्यात आजार लिहायला जागा आहे. त्यामुळे बरेच डॉक्टर हाताला लागलेल्या सवयीने निदान लिहून टाकतात. पुढच्या मुदतवाढीच्या वेळी त्यांना आधीच सांगा की हा कागद कंपनीत जाणार आहे, निदानाऐवजी ढोबळ स्वरूप लिहिता येईल का. ‘शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती’ किंवा ‘माझ्या उपचाराखाली असून कामावर जाण्यास असमर्थ’ असे लिहून देणारे डॉक्टर मला पुष्कळ भेटले. कुणी नाही म्हणाले तर वाद घालू नका, निदान दाखल्यात लिहावेच असे मानणारेही आहेत. तशा वेळी दाखला बंद पाकिटात, वर ‘गोपनीय, फक्त वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी’ असे लिहून द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. दुसरा आजार लिहून मागू नका. ‘कंबरदुखी लिहा ना डॉक्टर, तेवढं चालतं’ असे म्हणणारी माणसे माझ्यासमोर खातेनिहाय चौकशीत बसलेली मी पाहिली आहेत. मेडिक्लेमच्या कागदावर एक आजार, रजेच्या अर्जावर दुसरा, आणि मग अकरा वर्षांची स्वच्छ नोकरी एका खोट्या ओळीपायी पणाला. खोटा किंवा दिशाभूल करणारा दाखला देणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते, म्हणजे आपण त्यांनाही खड्ड्यात ओढतो. कमी सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. चुकीचे सांगितले की तोही हातचा जातो.

एचआरने डॉक्टरांचा नंबर मागितला आहे, त्याबद्दल. सर्टिफिकेटवर डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतोच. दाखला खरा आहे का एवढी खातरजमा कंपनीने केली तर त्यात वावगे नाही. त्यापुढे आजाराबद्दल बोलायला डॉक्टर बांधलेले आहेत. त्याच २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाचे गुपित उघड करता येते ते न्यायालयाच्या आदेशाने, एखाद्या ठरावीक व्यक्तीला वा समाजाला गंभीर धोका असेल तर, किंवा कळवणे बंधनकारक असलेल्या आजारात. सुपरवायझरचा फोन यांपैकी कशातही बसत नाही. पण खरी गळती डॉक्टरांच्या केबिनमध्ये होत नाही, ती बाहेरच्या काउंटरवर होते. गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात ‘मी कंपनीतून बोलतोय’ एवढ्यावर रिसेप्शनने सगळे वाचून दाखवल्याचे एका कामगाराने मला सांगितले होते. म्हणून डॉक्टरांना दोन ओळींचे पत्र द्या, ‘माझ्या लेखी परवानगीशिवाय माझ्या उपचारांची माहिती कुणालाही, माझ्या मालकालाही, देऊ नये’, आणि ते केसपेपरला लावायला सांगा.

मेडिक्लेम हे दुसरे भोक. तुमचा पगार सरकारी कामगार विमा योजनेच्या (ईएसआय) मर्यादेबाहेर आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे कंपनीची समूह विमा पॉलिसी असणार. कॅशलेसचे कागद रुग्णालयातला विमा काउंटर परस्पर टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, पाठवतो, तिथे एचआर मध्ये येत नाही. खर्च आधी करून मग परतावा मागताना मात्र आपण सवयीने सगळी जाडजूड फाइल एचआरच्या मुलाच्या हातात ठेवतो आणि ती त्याच्या टेबलावर आठ दिवस पडून राहते. तुमच्या पॉलिसीत दावा थेट टीपीएच्या पोर्टलवर किंवा कार्यालयात देता येतो का ते विचारा. कंपनीची सही लागतच असेल तर तेवढ्या पानावर घ्या आणि बाकी पाकीट तुम्हीच बंद करून पाठवा.

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांची वाट वेगळी, आणि गोपनीयतेच्या दृष्टीने थोडी अधिक चांगली. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातून दाखला मिळतो, आजारपणाचा भत्ता विमा महामंडळ देते: सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, आणि यादीतल्या दीर्घ आजारांसाठी ८० टक्के व जास्त काळ. महामंडळ मालकाला पडताळणीचा जो नमुना पाठवते त्यात विचारणा असते ती हा माणूस त्या तारखांना कामावर होता का, याची. दाखल्याबद्दल शंका असेल तर निर्णयही महामंडळाचाच वैद्यकीय पंच करतो.

काही वेळा सांगावेच लागते, तेही ऐका. इजा कामावर झाली असेल तर भरपाईसाठी अपघाताची माहिती आणि वैद्यकीय तपासणी टाळता येत नाही. कामामुळे जडलेले काही आजार, उदाहरणार्थ धुळीमुळे होणारा सिलिकोसिस, डॉक्टरांना कारखाना निरीक्षकांकडे कळवावे लागतात. आणि तुमच्या आजारामुळे शेजारच्याच्या जिवाला धोका होऊ शकत असेल तर गप्प राहू नका. माझ्याकडे एक क्रेनचालक होता, त्याला मधूनच भोवळ यायची. त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिले, ‘उंचीवर काम व हलणारी यंत्रे चालवणे कायमचे टाळावे.’ आजाराचे नाव त्यात नव्हते. त्याला स्टोअरला बसवले आणि निवृत्तीपर्यंत तो तिथेच होता. का, ते आजही फक्त आम्हा तिघांना माहीत आहे. बंधन सांगा. कारण सांगायचे की नाही ते तुमच्या हातात.

काही आजारांना कायद्याने जास्त जाड पडदा दिलेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम २३ उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचे बंधन घालते. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात संमतीशिवाय माहिती उघड करायला मनाई आहेच, त्या कारणावरून नोकरीत भेदभाव करायलाही आहे. गर्भपात झालेल्या स्त्रीचे नाव व तपशील डॉक्टरने उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तुमच्या बाबतीत पुढे अपंगत्व राहणार आहे, म्हणून हे जरा थांबून वाचा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. सेवेत असताना अपंगत्व आले तर नोकरीवरून काढता येत नाही, पगार राखून दुसरे काम द्यावे लागते, हे कलम २० चे कवच सरकारी आस्थापनांतल्या कर्मचाऱ्यांना आहे. खासगी नोकरीत ते तितके घट्ट नाही. तिथे कंपनीचे समान संधी धोरण मागवून वाचावे लागते. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र जरूर काढा. पण ते काढले म्हणजे लगेच कंपनीला दिलेच पाहिजे असे नाही. त्यावर अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी छापलेली असते. कामात सवलत हवी असेल तेव्हा ते उपयोगी पडते, तोवर घरच्या कपाटात राहू द्या.

इथे एक वाट बऱ्याच जणांना माहीत नसते. जुन्या करपद्धतीत दिव्यांगांना ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के वा अधिक अपंगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. ती पगारातून मिळवायला गेलात तर अकाउंट्स विभागाला प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याऐवजी कंपनीला कर कापू द्या आणि वजावट स्वतःच्या विवरणपत्रात मागा, जास्तीचा कर परत येतो. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असल्यास व्यवसाय करही माफ असतो. पण तो कंपनीच कापते, त्यामुळे ती सवलत कंपनीला न सांगता घेणे अवघड. वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये वाचतात. त्यासाठी सांगायचे का, ते तुम्ही ठरवा.

सरकारी नोकरीतल्यांसाठी एवढेच: माझ्या एका शिक्षिका मैत्रिणीच्या वैद्यकीय बिलांची माहिती तिच्याच सहकाऱ्याने माहितीच्या अधिकारात मागितली होती. १३ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय नोंदी, उपचार, औषधे, कोणत्या डॉक्टरकडे गेलो हे सगळे वैयक्तिक माहितीत धरले आहे. अशी विचारणा झाल्याचे कळले की कार्यालयाला लेखी हरकत लगेच द्या.

राहिला व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे स्पष्टीकरण देऊ नका, रागावूही नका. ‘डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, रजेचे कागद ऑफिसला दिले आहेत, विचारपूस केल्याबद्दल आभार’ एवढे लिहा. तेवढ्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, पुढे कुणी जास्तच खोदायला लागले तर एचआरला दाखवता येईल. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला येण्याची पद्धत आहे. शहाळी घेऊन चार जणी येतील, उशाशी फाइल दिसेल, आणि सासूबाई मायेपोटी सगळे सांगून बसतील. पाहुणे यायच्या आधी फाइल आणि औषधे आतल्या खोलीत ठेवा. घरात एकाच माणसाने बोलायचे असे ठरवा, आणि काय बोलायचे ते एक वाक्य सगळ्यांना सांगून ठेवा. ते वाक्य खरे असू द्या, म्हणजे कुणालाच अवघडायला होणार नाही.

दबाव वाढला आणि ‘राजीनामा द्या, पुन्हा घेऊ’ असे कुणी म्हणाले तर कशावरही सही करू नका. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. सगळे बोलणे मेलवर आणा. फोन आला तर त्याच दिवशी ‘आज आपण फोनवर असे म्हणालात’ असा मेल टाका. मग युनियन, आणि तिथून कामगार उपायुक्तांचे कार्यालय.

रजा संपायच्या आठेक दिवस आधी फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला जा आणि डॉक्टरांना तुमच्या कामाचा दिवस नीट सांगा: किती तास उभे राहावे लागते, किती वजनाचे जॉब (तपासायचे भाग) उचलावे लागतात, रात्रपाळी असते का, व्हर्नियरचे बारीक आकडे किती वेळ वाचावे लागतात. दाखल्यात नुसते ‘फिट’ घेऊ नका. ‘सहा आठवडे रात्रपाळी देऊ नये, पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, गरजेनुसार बसून काम करण्याची मुभा द्यावी’ असे जे तुमच्या बाबतीत खरे असेल ते लिहून घ्या. तपासणीच्या टेबलापाशी स्टूल लागणार असेल तर ते आत्ताच त्या कागदावर येऊ द्या. सुपरवायझर बदलला, नवा माणूस आला आणि ‘हे स्टूल कशाला?’ म्हणाला, तर तुम्हाला आजाराची गोष्ट सांगत बसायची वेळ येणार नाही. त्याला कागद दाखवायचा आणि पुढचा जॉब हातात घ्यायचा.